भरल्या पोटी चढ नको

आमच्या बाबांनी, म्हणजे मोखेलेंनी, आयुष्यात एकोणीस घोडे सांभाळले आणि एकही गाडी चालवली नाही. त्यामुळे माझी गाडी डोंगरासाठी तयार करताना त्यांच्याइतका आत्मविश्वास दुसऱ्या कुणाकडेच नव्हता.

मी खाली सपाटीवर टॅक्सी चालवतो. डोंगरात कधी गेलो नव्हतो. पण वर हा-सेकोटो गावात आत्या एकटी उरली होती. गाव एकेक करून खाली उतरलं, आत्याचे गुडघे उतरले नाहीत. ज्याच्यावर बसवून तिला आणायचं, तो आमचा शेवटचा घोडा शरद ऋतूत मेला. रेडिओवर सांगत होते की शनिवारी बर्फ. एकदा बर्फ पडला की वाट दीड महिना बंद, आणि तिच्या छातीच्या गोळ्या रविवारपर्यंतच्या. म्हणजे शुक्रवार हा एकच दिवस. म्हणून मी चारही चाकांनी ओढणारी एक जुनी गाडी मिळवली.

काय काय लागतं ते मला टॅक्सी स्टँडवरच्या एकाने सांगितलं. तो एकदा वर जाऊन आला होता. त्याची गाडी अजून वरच आहे, पण माहिती पक्की होती. फावडं, दोरखंड, जॅक, दोन स्टेपन्या, आणि खडकांवर पकड यावी म्हणून चाकांतली हवा थोडी कमी.

मी हवा सोडली. बाबा घोंगडी सावरत आले आणि चाकाकडे बघत राहिले.

"चढाच्या आधी पाय लुळे करतोस?"

"पकड येते, बाबा."

"लुळ्याला कसली पकड?"

मी पाणी प्यायला आत गेलो, तेवढ्यात त्यांनी सायकलच्या पंपाने चारही चाकं टणक केली. मी परत सोडली. असं गुरुवारपर्यंत चार वेळा झालं. शेवटी मी जिंकलो, कारण पंप मोडला.

बाकी बाबतीत ते जिंकले. घोड्याच्या पाठीला चोळतात तसं बॉनेटला मीठ चोळून झालं. "छाती तयार व्हायला पाहिजे" म्हणून चर्चमागची दफनभूमीची टेकडी मला गाडी घेऊन रोज तीनदा चढायला लावली. चौथ्या दिवशी पाद्रीसाहेब बाहेर आले आणि घरात कुणी वारलंय का, म्हणून चौकशी करून गेले.

त्या गाडीचा डिझेलचा काटा कायम अर्ध्यावर असे. टाकी भरा, काटा अर्ध्यावर. रिकामी करा, तरी अर्ध्यावर. मी त्याला काही बोलत नसे, आमच्या घरात अशी दोन-तीन माणसं आहेत. गुरुवारी संध्याकाळी मी टाकी तोंडापर्यंत भरली, डिझेलचे दोन कॅन मागे बांधले, वर ताडपत्री ताणली आणि झोपलो.

शुक्रवारी बाबा शेजारी येऊन बसले आणि निघताना आत्याचा फोन आला. घरामागच्या मोठ्या दगडावर चढल्याशिवाय तिला रेंज मिळत नाही, म्हणून ती आधी थोडा वेळ नुसतीच धापा टाकते.

"निघालात का रे?"

"निघालो, आत्या."

"मी चूल विझवली. राख बाहेर टाकली."

चूल पेटती ठेवून घर सोडलं तर ती माणसाला परत ओढून आणते, असं आमच्याकडे मानतात. आत्याला परत यायचं नव्हतं.

"गोवऱ्या शेवटच्या मेंढपाळाला दिल्या," ती म्हणाली. "तो काल उतरला. कोंबड्या पण त्यालाच. आता मी आणि एक स्टूल."

गाडी सुंदर चढली. लो गिअरमध्ये दगडांवरून अशी गेली की मला स्वतःचा अभिमान वाटायला लागला. अकराव्या वळणावर ती दोनदा खोकली आणि गप्प झाली.

मी फिल्टर उघडला, नळ्या फुंकल्या. मग टाकीत काडी घातली. काडी कोरडी आली. मागे जाऊन ताडपत्री उचलली. खाली दोन मोठे धोंडे होते.

"बाबा, कॅन?"

"घरी आहेत. परत आल्यावर द्यायचे."

"आणि टाकी?"

"पाव टाकी ठेवली होती. बाकीचं पहाटे नळीने काढलं." ते शांतपणे म्हणाले. "भरल्या पोटी चढवलं की जनावर फुटतं. लिपोलेलो कसा गेला, विसरलास?"

लिपोलेलो हा त्यांचा सातवा घोडा.

"बाबा, ही गाडी आहे."

"म्हणून तर पाव ठेवलं. घोड्याला तेवढंही दिलं नसतं." मग त्यांनी विचारलं, "पण चढली कशी, ते सांग."

"चांगली चढली."

"हलकी होती."

बर्फ शनिवारी पडणार होता. तो शुक्रवारी दुपारी पडायला लागला. धडधाकट माणसाला पायी वर पोचायला सहा तास, खाली घरी जायला सात. बाबा सत्तर वर्षांचे, माझ्या पायात टॅक्सीतले बूट. "मी जातो," म्हणून बाबा निघाले, वीस पावलं गेले, काठी विसरली म्हणून परत आले, आणि काठी हातात घेऊन तिथेच उभे राहिले. तोवर वाट दिसेनाशी झाली होती.

फोन वाजला. बाबांनीच घेतला. बराच वेळ नुसत्या धापा ऐकू आल्या.

"मोखेले, कुठवर आलात?"

"जवळच आहोत," बाबा म्हणाले.

"इथे पांढरं व्हायला लागलंय. चूल पेटवू का?"

बाबांनी माझ्याकडे बघितलं. मी काट्याकडे बघितलं. तो अर्ध्यावर होता.

"पेटव," बाबा म्हणाले.

"कशावर? स्टूलच आहे. ते जाळलं तर तुम्ही आल्यावर बसणार कशावर?"

"आम्ही उभे राहू."

"बरं," आत्या म्हणाली. "आणि स्टूल संपल्यावर?"

मग रेंज गेली.

बाबांनी अंगावरची घोंगडी काढली आणि बॉनेटवर पसरली. चढून आलेल्या घोड्याला पांघरतात, तशी, कडा नीट ओढून.

"बाबा, अंगावर घ्या ती."

"अजून गरम आहे रे," ते म्हणाले. त्यांनी माझा हात धरून घोंगडीखाली घातला. गाडी खरंच गरम होती. आम्ही दोघे तिथे हात ठेवून उभे राहिलो. ती गार झाली तरी बाबांनी हात काढला नाही, म्हणून मीही काढला नाही.