ओव्हर संपेपर्यंत

ओव्हरचे दोन चेंडू बाकी होते आणि मधुमतीची खुर्ची रिकामी होती.

चहाचे कागदी कप हातात धरून पद्माकर पांढऱ्या साइटस्क्रीनच्या कडेला खिळल्यासारखे उभे राहिले. पलीकडे जायचं तर स्क्रीनसमोरून जावं लागणार, आणि बोलर धावत सुटला होता. ओव्हर चालू असताना बोलरच्या मागे हलायचं नाही, हे त्यांच्या अंगात मुरलेलं. सोलापूरच्या मैदानावर बत्तीस वर्षं त्यांनी धावफलकाच्या खोलीत बसून आकड्यांचे पत्रे टांगले होते. अक्षरं त्यांना चाळिशीनंतर आली. आकडे त्याच्या कितीतरी आधी.

एक चेंडू. दुसरा चेंडू. मग कुठे पाय उचलला, आणि उचलताना स्वतःचीच लाज वाटली. बायको हरवलीय आणि आपण चेंडू मोजत उभे!

दोन वर्षांपासून मधुमतीला विसर पडत चालला होता. आधी गॅस, मग चपला, मग शेजारणीचं नाव. मागच्या महिन्यात इथे इंग्लंडात, मिल्टन कीन्सला, लेकीच्या घरातून निघून गेली ती तिसऱ्या राउंडअबाउटवर, गाड्यांच्या गोल चौकात सापडली. म्हणून श्रद्धा आज दोनदा बजावून गेली होती, "बाबा, मी इथल्या केमिस्टकडून आईच्या गोळ्या कलेक्ट करून येते, अर्धा तास मॅक्स. तिचा हात सोडू नका हं. मागेच ड्युअल कॅरेजवे आहे, गाड्या सुसाट येतात."

"जा गं तू. मी काय लहान आहे?"

बाबा घरात कंटाळलेत म्हणून तिनेच तासभर गाडी चालवून या परक्या गावच्या मैदानावर आणलं होतं. दोन छोट्या काउंट्यांची मॅच. पन्नासएक माणसं, निम्मी कुत्री घेऊन आलेली. आणि चहा म्हणजे दोन मिनिटांचं तर काम.

खुर्चीखाली शाल पडली होती. डब्याची पिशवी नव्हती. चहाच्या तंबूत ती नव्हती, बायकांच्या बाथरूममध्ये नव्हती. दारातून त्यांनी "अगं ए!" म्हणून हाक मारली, तर एक गोरी बाई दचकून बाहेर आली. कुंपणाचं फाटक सताड उघडं होतं आणि पलीकडून गाड्यांचा न थांबणारा आवाज येत होता. पद्माकरांनी फोन लावला.

"श्रद्धा, ये लवकर."

"काय झालं? बाबा, आई कुठंय?"

फोन बंद करून त्यांनी समोरच्या म्हाताऱ्याची बाही धरून हलवली. "माय वाइफ. माय वाइफ."

"लेडी इन द सारी? ओव्हर देअर, मेट."

म्हाताऱ्याने मैदानाच्या दुसऱ्या टोकाला बोट दाखवलं. तिथे धावफलकाची काळी लाकडी खोली होती, आणि तिच्या खाली मान वर करून उभी असलेली मधुमती.

पद्माकर धावत सुटले, थेट साइटस्क्रीनसमोरून. बॅट्समनने हात वर करून खेळ थांबवला, कुणीतरी ओरडलं. ते थांबले नाहीत.

"अगं, इथे काय करतेस?" त्यांनी तिचा दंड धरला.

तिने झटकन हात सोडवून घेतला. "कोण हो तुम्ही? लांब व्हा आधी! आमचे हे वर बसलेत. डबा द्यायचाय."

तिच्या डोळ्यांत ओळखीचं काही नव्हतं. भीती होती, आणि ती त्यांचीच वाटत होती. ते पुन्हा जवळ गेले तशी ती फाटकाच्या दिशेने दोन पावलं सरकली.

पद्माकर जागच्या जागी थिजले. मग मागच्या शिडीने खोलीत चढले. आत पत्रे लावणाऱ्या पांढऱ्या केसांच्या बाईने काही विचारलं, त्यांनी नुसते हात जोडले. आकड्यांच्या मधल्या फटीतून डोकं बाहेर काढलं.

"आलीस होय?"

मधुमतीचा चेहरा उजळला. "किती हाका मारायच्या? दोर सोडा की!"

सोलापूरला ते वरून दोर सोडायचे. इथे त्यांनी गळ्यातला मफलर सोडला. तिने पिशवीला बांधून नेहमीची गाठ मारली आणि ओढून पाहिली. ते ओढणार, तेवढ्यात त्यांचा हात थबकला. डबा वर गेला की ती मागे वळून न बघता घरची वाट धरायची. बत्तीस वर्षं.

"ओढा ना. भाकरी गार होतेय."

"थांब. ओव्हर संपू दे."

तिने मान डोलावली. हा नियम तिला पाठ होता. लोंबत्या पिशवीखाली हात धरून ती उभी राहिली. वरून पद्माकरांना फाटक दिसत होतं. त्यातून श्रद्धाची गाडी अजून आली नव्हती.

ओव्हर संपली. फील्डर इकडचे तिकडे झाले.

"संपली का हो?"

"दोन चेंडू आहेत अजून," पद्माकर म्हणाले. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्यांनी चुकीचा आकडा सांगितला होता. मफलरचा एक वेढा मनगटाला देऊन त्यांनी तो घट्ट धरला.