भिंतीवरचे अकरा जोड

माणसं मोजायची माझी रीत सोपी होती. वाळूवर उतरण्याआधी सगळ्यांनी पायातलं काढून पायऱ्यांशेजारच्या बुटक्या भिंतीवर ओळीने ठेवायचं. परत आल्यावर जो तो आपापलं घालतो. भिंतीवर एखादा जोड उरला, तर तेवढा माणूस वाळूवर राहिला. भिंत रिकामी, तर सगळे आले. मी दुसरीतून शाळा सोडली ती कायमची, पण चौदा वर्षं या रीतीने माणसं नेली आणि आणली. एक हरवला नाही.

माणसं हॉटेलातली. वरच्या रस्त्यावर चाळीस खोल्यांचं हॉटेल आहे. तिथे उतरलेल्यांना दिवस कसा काढावा ते कळत नाही, मग कुणीतरी त्यांना आमच्याकडे धाडतं. ओहोटीला समोर वाळूचा लांब दांडा उघडा पडतो. त्यावर माझे धाकटे दीर दाताळ्याने चित्र ओढतात. एवढं मोठं, की उभं राहून दिसत नाही, रेघेवरून चालावं लागतं. भरती आली की समुद्र ते पुसून टाकतो. बघून परत आलेल्यांना माझी सून पायऱ्यांवर उकडलेले शिंपले आणि चहा देते. दीर चित्र काढतात, सून रांधते आणि मी दोघांना बोलते. असा आमचा कारभार.

त्या दिवशी हॉटेलचे नवे मॅनेजर स्वतः आले होते. हॉटेलच्या प्रत्येक खोलीत एक छापील पत्रक ठेवतात. जवळपास काय खावं, काय बघावं, कुठे पाय मोकळे करावेत, ते सगळं त्यात. आमचं नाव त्यात घालायचं की नाही हे त्या दिवशी ठरायचं होतं. सुनेने आदल्या दिवशीच सगळे कप राखेने घासून ठेवले होते. मी काही घासलं नव्हतं. मला कोण नापास करतो!

मॅनेजरांच्या हातात पुठ्ठ्याला लावलेला कागद होता. "मावशी, जाताना प्रत्येकाची सही, येताना प्रत्येकाची सही. आमचा नियम आहे."

"नियम तुमच्या चाळीस खोल्यांत ठेवा," मी म्हणाले. "पोट भरलं की माणूस सही विसरतो, चप्पल विसरत नाही. चपला खोटं बोलत नाहीत."

सून चुलीपाशी होती. हळूच म्हणाली, "आई, कागदही असू दे की. दोन्ही असलं म्हणून काय बिघडतं?"

"तू शिंपल्यांकडे बघ. करपवशील."

उकडते शिंपले करपत नाहीत, हे तिलाही ठाऊक आणि मलाही. तरी तिने झाकण उचलून बघितलं. मॅनेजरांनी कागद काखोटीला मारला.

अकरा पाहुणे होते. भिंतीवर अकरा जोड लागले, मी बोट लावून मोजले. शेवटचा जोड एका गृहस्थांचा, नवाकोरा, तांबूस चामड्याचा. ठेवण्याआधी त्यांनी रुमालाने भिंत पुसली. मग विचारलं, "इथे सुरक्षित राहतील ना?"

आता याचं उत्तर एका शब्दाचं. पण माझ्या जिभेला एका शब्दाची सवय नाही.

"आमच्याकडची कुत्री फार जाणती आहेत हो," मी म्हणाले. "साध्या चपलेला तोंड लावत नाहीत. भारी बूट दिसला की मात्र उचललाच. मागे एका साहेबांचे असेच नेले. अनवाणी हॉटेलात गेले, तर दरवानाने दारातूनच हाकललं, म्हणे आज भिकेचा वार नाही!"

सगळे खदखदून हसले. मॅनेजरही हसले. बूटवाले तेवढे हसले नाहीत. मॅनेजर सुनेबरोबर पायऱ्यांवरच थांबले. मी फुशारक्या मारत पायऱ्या उतरू लागले, मागे वळून पाहिलं नाही.

दांड्याकडे जायला मधली खाडी ओलांडावी लागते. ओहोटीला गुडघाभर पाणी. नव्या माणसाला वाटतं, भरती समोरून येणार, मोठ्या समुद्राकडून. तशी ती येत नाही. आधी पाठीमागची ही खाडी भरते, गुपचूप. दांडा तासभर कोरडाच असतो, आणि खाडी तोवर गळ्याला येते. ज्याला हे माहीत नाही, तो कोरड्या वाळूवर उभा राहून बुडतो.

दिरांनी त्या दिवशी दोराचं वेटोळं काढलं होतं. मधून सुरू होऊन फिरत फिरत दांड्याच्या टोकाच्या काळ्या खडकापर्यंत. पाहुणे रेघेवरून चालले, पोरांसारखे. मी फुशारकीत म्हणाले, "समुद्राला शेवटची रेघ पुसताना अजून कुणी पाहिलेलं नाही." हेही बोलायची गरज नव्हती.

पाणी वळायची वेळ झाली तशी मी हाकारलं. दीर पुढे, पाहुणे मध्ये, मी शेवटी. खाडीत पाणी मांडीपर्यंत आलं होतं. पायऱ्यांवर जो तो पाय पुसून आपापलं पायात घालू लागला. भिंत रिकामी झाली.

"सगळे आले ना मावशी?" मॅनेजरांनी विचारलं.

"भिंत बघा," मी म्हणाले. "ती सांगेल."

ते खूश झाले. म्हणाले, पत्रकात फोटोसकट घालू. सुनेने सगळ्यांना कप दिले. मग ती माझ्याजवळ येऊन उभी राहिली.

"आई, एक कप उरला."

"उरला तर तू पी."

"मॅनेजरांचा सोडून अकरा भरले होते. दहाच घेतले."

"कुणी चहा पीत नसेल. सगळं जग काय तुझ्या चहावर जगतं?"

ती हलली नाही. आवाज मात्र चढला. "आई, ते तांबूस बूट कुठे आहेत?"

"ज्याचे त्याच्या पायात."

"नाहीत. मी सगळ्यांचे पाय बघितले."

आता सगळे आमच्याकडे बघायला लागले होते. मॅनेजरांचा कप अर्ध्यावर थांबला. आणि मला काय दिसलं? समुद्र नाही दिसला. मला दिसली माझी सून, चार परक्या माणसांत मला खोटं पाडणारी. मी म्हणाले, "चौदा वर्षांत माझी मोजणी चुकली नाही, आणि तू काल आलेली मला शिकवतेस? भिंत रिकामी आहे की नाही?"

ती काल आलेली नव्हती. नऊ वर्षं झाली होती.

"आहे," ती म्हणाली. "पण कपही उरलाय."

तो कप तिच्या हातात होता, वाफ निघत होती. मी आणखी दोन-चार टोमणे मारले. वाफ थांबली. तेवढा वेळ मी वाया घालवला. आजही चहा निवताना बघवत नाही मला.

मग चष्मा लावलेली एक पाहुणी पुढे आली. "ते बूटवाले ना? तुम्ही कुत्र्यांचं सांगितलंत, म्हणून त्यांनी बूट उचलून पाठीवरच्या पिशवीत घातले. आम्ही चेष्टा केली त्यांची."

मी पायऱ्यांच्या कडेला धावले.

"भाऊजी!" मी ओरडले. दिरांनी आधीच दांड्याकडे तोंड केलं होतं. काळ्या खडकामागून एक माणूस निघाला, लांबवर, बोटाएवढा. खडकाआड बसून शेवटची रेघ कधी पुसली जाते त्याची वाट बघत होता. वाळू कोरडी होती, तो आरामात चालत येत होता. खाडीपाशी आला आणि थांबला. पुढे गेला, कमरेपर्यंत भिजला, मागे सरला.

होड्या सगळ्या बाहेर गेलेल्या. दिरांच्या गुडघ्यात जीव नाही. मॅनेजर म्हणाले, "मला पोहता येतं."

"इथल्या ओढीत मासे उलटे होतात," मी म्हणाले. "तुम्ही दोर धरा."

खाडीत पाण्याखाली दगडांचा एक जुना बांध आहे, सासऱ्यांनी रचलेला. दोन पावलं रुंद. मध्यावर त्याला एक वळण आहे. तो घरात फक्त मला आणि दिरांना माहीत, असं मी समजत होते. कमरेला दोर बांधला, दिरांचं दाताळं उलटं धरून काठी केली आणि उतरले. मागे सून पायऱ्यांवर उभी, दोर तिच्या हातात, तिच्यामागे मॅनेजर आणि पाहुणे.

जाताना बांध पायाला बरोबर लागला. पाणी छातीला होतं. पलीकडे पोचले तेव्हा दांडाही ओला व्हायला लागला होता, दिरांचं वेटोळं एका बाजूने विरत होतं. बूटवाले पांढरेफटक.

"पिशवी टाका," मी म्हणाले.

"यात बूट..."

"मेल्यावर घालणार आहात?" मग माझं मलाच आठवलं, की हे बूट त्या पिशवीत कुणामुळे गेले. "बरं, डोक्यावर घ्या. माझ्या खांद्याला धरा. मी पाय ठेवीन तिथेच पाय. बोलायचं नाही."

परतीला पाणी खांद्याशी. ओढ अशी, की दाताळं हातात थरथरत होतं. मी पावलं मोजत होते. वळण आलं असं पायाने सांगितलं, मी डावीकडे सरले. पायाखाली दगड नव्हता. तोंडात खारं पाणी गेलं, बूटवाल्यांची बोटं माझ्या खांद्यात रुतली.

"आई! उजवीकडे!" पायऱ्यांवरून सुनेचा आवाज. "डावीकडे नाही! उजवीकडे!"

माझं मन म्हणालं, हिला काय कळतं? चौदा वर्षं मी हा बांध तुडवलाय. पाय अजून डावीकडेच दगड शोधत होता.

"बांधावर पाणी उथळ आहे, लाटा तुटताना दिसतायत मला! आई, ऐका! एकदा ऐका माझं!"

मी उजवीकडे पाय टाकला. लागला. दगड लागला.

पुढची पावलं तिने सांगितली. सरळ. अजून सरळ. थांबा, लाट जाऊ द्या. आता. मी एका शब्दाने उलटून बोलले नाही. तोंडात पाणी होतं, हे एक कारण झालं.

पायऱ्यांवर आम्हाला ओढून घेतलं तेव्हा बूटवाले आधी उलटी करून मोकळे झाले, मग म्हणाले, "चूक माझी. मी सांगायला हवं होतं." मॅनेजरांनी कागद काढला होता. "म्हणजे पाहुणे न सांगता मागे राहिले. असं लिहू ना, मावशी?"

तसं लिहून टाकलं असतं, तर पत्रकात नाव आलं असतं. सून माझ्या अंगावर चादर गुंडाळत होती. तिचे हात दोराने सोलून निघाले होते. पत्रक तिला माझ्यापेक्षा जास्त हवं होतं. तरी तिने मॅनेजरांकडे बघितलंही नाही.

"तसं लिहू नका," मी म्हणाले. "त्यांचे बूट माझ्या जिभेने पळवले. मोजणी माझी होती, ती चुकली. आणि हिने बरोबर मोजलं ते मी ऐकलं नाही. लिहा."

मॅनेजरांनी लिहून घेतलं. मग म्हणाले, "मग मला यंदा पत्रकात घालता येणार नाही."

"नका घालू."

सुनेने मान खाली घातली. रडली नाही. निवलेला कप उचलला, पायरीवर ओतला आणि बूटवाल्यांसाठी दुसरा भरला.

रात्री मी तिला विचारलं, "बांधाचं वळण तुला कसं ठाऊक?"

"नऊ वर्षं चूल पायऱ्यांवर आहे आई. बघायला दुसरं काय होतं तिथून?"

मॅनेजरांनी कुणाला पाठवलं नाही, तरी पुढच्या ओहोटीला तिघे आपणहून विचारत आले. सुनेने वहीत नावं लिहून घेतली, तीन कप मांडून ठेवले. भिंतीवर चपलाही लागल्या, ती रीत मी मोडलेली नाही. पण सगळे आले अशी शेवटची मान आता ती हलवते, त्याआधी मी पायरी सोडत नाही.

त्या तिघांत एक बाई होत्या, पायात जरीच्या नाजूक सपाता. त्यांनी विचारलं, "इथे राहतील ना या?"

माझ्या तोंडाशी काय काय आलं! सून वहीतून वर बघत होती.

"राहतील," मी म्हणाले.