दादारावांची पहिली हरकत

आमच्या ह्यांनी छत्तीस वर्षं केंद्र सरकारची नोकरी केली आणि एकदाही कशाला ‘नाही’ म्हटलं नाही. ‘हो’ पण म्हटलं नाही, ते सोडा. भाजी काय करू विचारलं की म्हणायचे, “योग्य वाटेल ते कर.” आमच्या मुलीचं, समताचं, नाव कुठल्या शाळेत घालायचं विचारलं, तर दोन शाळांचे गुण-दोष कागदावर लिहून कागद माझ्या उशाशी ठेवला आणि स्वतः झोपून गेले. लग्नासाठी मला पाहायला आले होते, तेव्हाही म्हणे घरी जाऊन “मुलगी पाहिली, पुढील निर्णय वडिलांनी घ्यावा” एवढंच बोलले. सासऱ्यांनी घेतला, म्हणून मी आहे.

दादाराव त्यांचं नाव. आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये आमची सव्वीस वर्षं गेली. निवृत्तीनंतर फरीदाबादच्या पलीकडे, सोहलपूर नावाच्या गावाला लागून एका सोसायटीत फ्लॅट घेतला. चौथा मजला, बाल्कनीतून समोर तळं. बिल्डरने ‘लेक व्ह्यू’ म्हणून विकलं होतं. खरं पाहिलं तर पाणी दिसतच नव्हतं, काठापासून काठापर्यंत नुसती जलकुंभी, म्हणजे आपली जलपर्णी. गावातले लोक त्याला जोहड म्हणत आणि तिकडे पाहायचं टाळत.

माझं माहेर भंडाऱ्याकडचं. आमच्याकडे गावापेक्षा तलाव मोठे असतात. शेजारच्या मासे धरणाऱ्या ढिवरांच्या बायकांबरोबर मी लहानपणी कमरेएवढ्या पाण्यात उभी राहिलेली आहे, त्यामुळे ते तळं रोज सकाळी चहाबरोबर बघणं मला काही सहन होईना. एके दिवशी जुनी साडी खोचली, कोयता घेतला आणि गेले. सोसायटीच्या बाल्कन्या भरल्या. “अरे, वो मराठी आंटी पानी में उतर गई,” हे मी पाण्यातून ऐकलं. समता ऑफिसला निघाली होती, ती वरून ओरडली, “आई, यार, लोक बघतायत.” मी म्हटलं, बघू देत, तिकीट थोडंच आहे.

चौथ्या दिवशी गावची सरपंच राधा आली. पंचवीस-सव्वीस वर्षांची सून, घुंघट डोक्यावर आणि डोळे मात्र सगळीकडे. तिने मला अर्धा तास पाहिलं आणि दुसऱ्या दिवशी अकरा बायका घेऊन आली. गावात मासे धरणारी चार घरं होती, त्यातले पुरुष तळं मेल्यापासून वीटभट्टीवर जात होते. त्यांच्या बायकांना पाणी काय असतं ते मी सांगायची गरज नव्हती.

तीन वर्षं लागली. जलकुंभी काढणं सोपं, ती परत येऊ न देणं अवघड. आणि तळं नुसतं साफ करून मासा राहत नाही, त्याला खाली गवत लागतं, अंडी घालायला आणि लपायला. ते गवत आणि कमळकंद मी माहेराहून रेल्वेने ओल्या पोत्यात आणले. पोतं ह्यांनी उचललं. वाटेत टीसीने विचारलं हे काय आहे, तर म्हणाले, “मिसेसना विचारा.” उथळ बाजूला आम्ही ते लावलं आणि दुसऱ्या पावसाळ्यानंतर तिथे मरळ दिसली. वर लालसर पिल्लांचा थवा आणि खाली आई-बाप राखणीला. मी काठावर बसून रडले, खोटं कशाला सांगू. हे शेजारी उभे होते. म्हणाले, “नोंद घेतली.”

त्या वर्षी चारही घरांची माणसं वीटभट्टी सोडून जाळं घेऊन परत आली. दर रविवारी एक मरळ माझ्या दारात यायची. मी रस्सा करायची, आमच्याकडचा, झणझणीत. हे निमूट जेवायचे. कसा झालाय विचारलं की, “ठीक आहे.” ह्यांचं ‘ठीक आहे’ म्हणजे दुसऱ्याचं ‘वाहवा’, असं मी चौतीस वर्षं धरून चालले.

मग अनुराग आला. गॅस कंपनीचा मुलगा, गोरागोमटा, पाया पडणारा. त्याने उथळ बाजूला लाल झेंड्यांच्या खुंट्या ठोकल्या. जमिनीखाली गॅस आहे का हे पाहायला एक चाचणी विहीर खणायची, मशीनला सपाट जागा हवी, ट्रकला रस्ता हवा, आणि त्यासाठी उथळ बाजू भरून घ्यायची. “आंटी, तलाव तो रहेगा, बस थोडा छोटा होगा,” तो म्हणाला. मी त्याला चहा दिला आणि सांगितलं, बेटा, घरातली बाळंतिणीची खोली तेवढी पाडतोस आणि म्हणतोस घर राहील.

गावात दोन तट पडले. पोरांना नोकऱ्या मिळतील, रस्ता होईल, असं म्हणणारे काही मूर्ख नव्हते. समताच मला म्हणाली, “आई, तू पण गॅसवरच रस्सा करतेस ना? मग कुठून यावा तो गॅस, दुसऱ्यांच्या गावातून?” मुलगी दिल्लीत वाढली, ‘कोयता’ म्हणजे काय ते तिला ठाऊक नाही, पण वकिली चांगली ठाऊक. मी म्हटलं, मी गॅसला कुठे नाही म्हणते. तळ्याच्या पलीकडे चारशे पावलांवर उजाड माळ आहे, तिथे खणा. अनुरागला विचारलं तर म्हणाला, माळावर पण चालेल कदाचित, पण नकाशा वरून मंजूर होऊन आलाय आणि तो बदलायला वर काहीतरी लेखी जायला हवं. जमीन पंचायतीची होती. पंचायतीने संमती दिली नाही तर नकाशा आपोआप परत जाणार होता. रविवारी ग्रामसभा ठरली आणि त्याआधी ज्याला हरकत घ्यायची त्याने लेखी द्यावी असं राधाने सांगितलं.

लेखी म्हटल्यावर सगळ्या बायकांनी माझ्याकडे पाहिलं आणि मी घराकडे. आमच्या घरात एवढं एकच माणूस होतं ज्याने आयुष्यभर लिहिण्याशिवाय दुसरं काही केलं नव्हतं.

ह्यांना मी निवृत्तीनंतर असं खुललेलं पाहिलं नव्हतं. चार दिवस जेवणाच्या टेबलावर पसारा. तळ्याचं माप, पाण्याची खोली, माशांची नावं, पिल्लांचे महिने, माझ्याकडून सगळं विचारून घेतलं. फोटोंना अ, ब, क अशा चिठ्ठ्या लावल्या. शुद्ध हिंदीत अकरा पानं झाली, ऑफिसात ह्यांना राजभाषेचं बक्षीस उगाच मिळालं नव्हतं. शेवटी बेचाळीस बायकांच्या सह्या आणि अंगठे. वाचून दाखवू का म्हणाले, मी म्हटलं, अहो, अकरा पानं ऐकायला मला दुसरा जन्म लागेल. समताने तीन वाचली आणि “पप्पा, सुपर” म्हणून ऑफिसला गेली. आम्ही ते ग्रामसचिवाकडे देऊन पोच घेतली. पोचेवर शिक्का नीट उमटला नाही म्हणून ह्यांनी दुसऱ्यांदा मारून घेतला.

रविवारी सकाळी चौपालीवर, म्हणजे गावच्या चावडीवर, अख्खं गाव. एका बाजूला हुक्क्याभोवती म्हातारे, एका बाजूला आम्ही बायका, मध्ये खुर्चीवर राधा, आणि शेजारी अनुराग, मांडीवर नकाशा. ग्रामसचिव उभे राहिले. ह्यांची अकरा पानं हातात घेतली आणि सरळ शेवटचं पान काढलं. आमचे हेच मला सांगायचे, वर काहीही लिहा, साहेब लोक शेवटचा परिच्छेद वाचतात. सचिवांनी वाचला.

“अतः उपर्युक्त शर्तों के अधीन प्रस्ताव पर अनापत्ति प्रदान की जा सकती है।”

म्हणजे, वरच्या अटी पाळल्या तर आमची हरकत नाही.

सचिवांनी एकदा चष्मा वर केला आणि परत वाचलं. तेच होतं. दहा पानं आणि अर्धं पान तळ्याची बाजू मांडली, आणि शेवट करताना हात छत्तीस वर्षांच्या वाटेने गेला. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, तो पीळ आमच्या घरात चष्मा लावून बसला होता. समता पुटपुटली, “पप्पा, ये क्या किया.” अनुरागचा चेहरा फुलला, बिचाऱ्याला वाटलं आंटी ऐन वेळी विरघळली.

बेचाळीस बायका माझ्याकडे पाहत होत्या. त्यांच्या सह्या त्या ओळीखाली होत्या. ज्या बाईचा नवरा वीटभट्टीवरून परत आला होता ती माझ्या डोळ्यांत बघत होती, रागाने नाही, नुसतं विचारत होती की तुम्ही हे काय लिहून घेतलंत आमच्याकडून. हुक्क्याकडून कोणीतरी म्हणालं, चला, बायकांनीच मान्य केलंय, विषय संपला. राधाने मान खाली घातली. सचिवांनी पेनाचं टोपण काढलं.

तेव्हा हे उठले. तसे हे सभेत कधी बोलत नाहीत, त्यामुळे मला वाटलं घरी निघाले. पण गेले सचिवांकडे. “कागद द्या जरा,” म्हणाले. सचिव म्हणाले, “साहेब, दाखल झालेला कागद परत देता येत नाही.”

“परत कोण मागतंय,” हे म्हणाले. “खोडणार पण नाही. खोडायची पद्धत नाही. टिप्पणी चुकली तर तिच्याखाली दुसरी लिहायची असते.”

सचिवही सरकारी माणूस. हे त्यांना एकदम पटलं. त्यांनी कागद पुढे केला आणि पेन पण दिलं. हे टेबलावर वाकले. गाव थांबलं होतं, हुक्क्याचीसुद्धा गुडगुड थांबली. एवढी सभा थांबवून ह्यांनी लिहायला किती वेळ घ्यावा. मी मनात म्हटलं, आता आणखी अकरा पानं.

तीन ओळी झाल्या. राधाने कागद घेतला आणि मोठ्याने वाचल्या. मराठीत सांगायचं तर असं होतं: वरील शेवटचा परिच्छेद चुकीचा आहे. चूक माझी आहे, सह्या करणाऱ्या बायकांची नाही. विहिरीला नाही, पण या जागेला माझी हरकत आहे.

खाली सही. ह्यांनी ऑफिसात जन्मभर सही केली ती साहेबांच्या वतीने, ‘सचिवांच्या करिता’. घरी गॅस सिलिंडरच्या पावतीवरसुद्धा ‘करिता’ लिहायचा हात थांबवावा लागायचा. इथे नुसतं लिहिलं होतं, दादाराव. कोणाच्या करिता नाही.

“मग माळावर खणायचं?” राधाने विचारलं.

सवयीने हे म्हणणार होते की सक्षम अधिकाऱ्यांनी पाहावं. ओठ तसे हललेले मी पाहिले. मग माझ्याकडे बघितलं. “हो,” म्हणाले. “माळावर.”

बायका एकेक करून उठल्या आणि त्या तीन ओळींखाली पुन्हा सह्या केल्या. मोजणीला हात वर झाले तेव्हा हुक्क्याकडचे पण काही आमच्याकडे आले. पंचायतीने उथळ बाजू द्यायची नाही असं ठरलं. अनुरागने चेहऱ्यावरचं हसू पुसलं आणि म्हणाला, मलाही वर लेखी काहीतरी हवंच होतं, आता माळाचं सर्वेक्षण लावतो. जाताना स्वतःच्या हाताने खुंट्या काढल्या. एक निघेना, तेव्हा ह्यांनी मदत केली. माळावर गॅस लागेल की नाही, मला माहीत नाही. लागला तर मी त्यावर रस्सा करीन.

दुपारी घरी आलो तर दारात मरळ आलेली, नेहमीपेक्षा दुप्पट मोठी. मी पदर खोचून विळी घेतली. सवयीने विचारलं, “रस्सा करू की तळू?” उत्तराची वाट मी पाहत नव्हते, चौतीस वर्षांत कधी पाहिली नाही.

“शीला,” हे म्हणाले. “मला मासा आवडत नाही.”

मी विळीवरून मान वर केली.

“आज नको?”

“कधीच नाही आवडला. वास सहन होत नाही.” मग म्हणाले, “वांगं असेल तर कर.”

समताच्या हातातला फोन तिथेच राहिला. मी हिशोब करायला लागले, माहेरचे मासे, आर. के. पुरमचे मासे, इथले रविवार, आणि या माणसाने प्रत्येक वेळी ताट पुसून खाल्लेलं. ज्या माशाचा वास सहन होत नाही त्याची पिल्लं कुठल्या महिन्यात होतात ते चार दिवस बसून लिहिलेलं, आणि त्याच्यासाठी अख्ख्या गावासमोर उभं राहून स्वतःची चूक वाचू दिलेली. मला हसू आलं आणि डोळ्यांत पाणीही आलं.

“अहो, मग बोलायचं ना एवढी वर्षं.”

“कोणी विचारलं नाही,” हे म्हणाले. “कसा झालाय विचारायचीस. आवडतो का, असं विचारलं नव्हतंस.”

मरळ मी राधाकडे पाठवून दिली. वांगी भरताना एक गोष्ट मनात आली आणि मी बाहेर जाऊन विचारून घेतली, म्हटलं आज ह्यांचा हात चालतोय तोवर सगळं निकालात काढावं.

“आणि मी? मी आवडले होते का, त्या दिवशी बघायला आलात तेव्हा?”

ह्यांनी पेपर खाली ठेवला. मी म्हटलं आता निर्णय वडिलांवर जाणार.

“हो,” म्हणाले. “तेव्हाच.”