ब्रेक दाबायला माणूस

म्हसवडजवळच्या आमच्या गावानं लष्कराचा जुना ट्रक लिलावात घेतला, शाळेसमोर कायमचा उभा करायला. सगळे म्हणाले, रंग मारा, क्रेननं उचलून ठेवा, झालं. पण आमच्या घरच्या फौजींना ते पटेल तर शपथ!

"मढ्यागत उचलून न्यायची व्हय? असल्याच गाडीवर मी आन माझ्या फौजेतल्या दोस्तानं, नाथाजीनं, नोकरी काढली. सोताच्या चाकावर जाईल ती," म्हणाले आणि ट्रक आणून लावला माझ्या अंगणात.

झालं, माझी कणकेची परात गेली. तीत डिझेल ओतून चाकांचे बेअरिंग धुतले, त्यात ग्रीस भरलं. मग चाक हातानं फिरवायचं आणि कान लावून ऐकत बसायचं. मी बडबडायचं सोडलं नाही, त्यांनी ऐकून घेतलं नाही. चहालासुद्धा ग्रीसचा वास यायला लागला.

राहिले ब्रेक. ब्रेकच्या नळीतली हवा काढायला दोन माणसं लागतात. एकानं वर बसून पायानं ब्रेक दाबून धरायचा, दुसऱ्यानं खाली झोपून नट सैल करायचा, हवा सोडायची आणि परत आवळायचा. वरचा पाय मध्येच सुटला की हवा पुन्हा आत. खालून "धर" आलं की वरून "धरलाय" म्हणायचं, असं मला शिकवलं. माझा पाय दर वेळी सुटायचा.

"आगं, धर म्हंजे धर! नाथाजीनं कवा असा सोडला न्हाई!"

डोकंच फिरलं माझं. "मग आणा की तुमच्या नाथाजीला!"

बोलले आणि मलाच कसंसं झालं. गेल्या वर्षी नाथाजीभावजींना अर्धांगवायू झाला. उजवं अंग गेलं, वाचा गेली. तेव्हापासून ते भिंतीकडे तोंड करून पडलेले. हे भेटायला गेले की भावजी डोळे मिटून घ्यायचे.

"त्येच्यासाठीच चाललंय गं समदं," ट्रकखालून आवाज आला. "येकदा गाडीत बसवून फिरवायचं हुतं त्येला."

मी पायात चपला घातल्या आणि थेट भावजींच्या उशाशी जाऊन उभी राहिले. "भावजी, मला काय जमंना. तुमचा डावा पाय चालतोय न्हवं? मग चला, ब्रेक दाबायला माणूस पायजे."

त्यांनी डोळे उघडले.

शेजारच्या पोरांनी त्यांना उचलून केबिनमध्ये बसवलं. त्यांची बायको दगडाबाई शेजारी त्यांना धरून बसली. डावा पाय ब्रेकवर ठेवला. हे खाली गेले. खूप वेळानं अगदी हळू आवाज आला, "धर."

भावजींचा पाय खाली गेला आणि तसाच राहिला. ओठ हलले, पण नुसती लाळ आली. दगडाबाई पुसायला गेली, तर डाव्या हातानं त्यांनी तिला बाजूला सारलं.

"नाथा, धर रं."

"ध... लाय."

वर्षभरात त्यांच्या तोंडून निघालेला पहिला शब्द. ट्रकखाली पाना पडल्याचा आवाज झाला. दगडाबाईनं तोंडात पदर कोंबला, मलाही रडू आवरेना. भावजी मात्र आमच्याकडे रागानं बघत होते. पाय थरथरत होता, पण दाबलेलाच होता, आणि खालचा माणूस काही केल्या नट सैल करत नव्हता.

"धर... लाय रं!" ते पुन्हा ओरडले.