स्टेअरिंगवरचं एक बोट

माझी नणंद शेरिल लिंकन शहरात राहते. दर रविवारी चर्चमधून आली की ती मला फोन करते आणि फिरून फिरून एकाच प्रश्नावर येते. "जनेल, चौदा वर्षांच्या पोरीच्या हातात गाडी द्यायची म्हणजे... तुम्हाला काहीच वाटत नाही का गं?" तिचा मुलगा सतराचा झाला तरी अजून बसने फिरतो, याचा तिला भारी अभिमान. मग मीही फणकाऱ्याने सुनावते, की बाई, आमच्या फाट्यावर बस येत नाही, आणि आमची ब्रेना तुझ्या लाडक्यापेक्षा शहाणी आहे. हे वाक्य मी अजूनही म्हणते. फक्त हल्ली ते म्हणून झालं की मी लगेच विषय बदलते.

शेतावरच्या पोरांना आमच्याकडे चौदाव्या वर्षीच गाडी चालवायचा शाळेपुरता परवाना मिळतो. घर ते शाळा, शाळा ते घर, सरळ रस्त्याने. मध्ये कुठे वळायचं नाही. सुगीत मात्र हा नियम कोणी पाळत नाही. हार्वेस्टर बंद पडला की ज्याचे हात रिकामे असतील तो गावात पार्ट आणायला पळतो, आणि रिकामे हात बहुधा पोरांचेच असतात. पार्टवाला विचारत नाही, शेरीफ बघत नाही.

ब्रेनाला गाडी मीच शिकवली. कर्ट, माझा नवरा, शेजारच्या सीटवर बसून जमिनीवर पाय आपटत ब्रेक मारतो, त्यामुळे त्याला मी घरीच ठेवायचे. खडीवर ब्रेक हळू दाबायचा. चढावर गाडी रस्त्याच्या मधून न्यायची नाही. पुढच्या गाडीची धूळ बसेपर्यंत थांबायचं. आणि समोरून कोणीही येवो, ओळखीचा असो नसो, स्टेअरिंगवरून पहिलं बोट उचलायचं. आमच्याकडे नमस्कार तो एवढाच.

"एका बोटाने काय होतं गं आई?" ती विचारायची.

"एकदा उचलू नकोस, मग गावभर काय होतं ते बघ."

एक गोष्ट मात्र मी तिच्याकडून घोकून घेतली होती. जनावर आडवं आलं तर स्टेअरिंग वळवायचं नाही. ब्रेक दाबायचा आणि गाडी सरळ धरायची. कर्टचा चुलतभाऊ हरणाला वाचवायला गेला आणि पिकअपसकट चरात उलटला. हरीण निघून गेलं. "काय करायचं?" मी विचारायचे. "सरळ धरायचं," ती डोळे फिरवत म्हणायची. "नीट सांग." "सरळ धरायचं, आई!"

ऑक्टोबरातली ती दुपार. निम्मं सोयाबीन उभं होतं, पश्चिमेला आभाळ काळं झालं होतं आणि हार्वेस्टरचा पट्टा तुटला. कर्ट यंत्राखाली आडवा पडून त्याच्या आईबापांचा उद्धार करत होता. मला भरलेला ट्रक गोदामात रिकामा करायचा होता. ब्रेना नुकतीच शाळेतून आली होती.

"ब्रेनाला पाठव पट्टा आणायला," मी म्हणाले.

"तिचा परवाना शाळेपुरता आहे."

"तू कधीपासून कायदा वाचायला लागलास?"

तो हसला. ब्रेनाही हसली आणि किल्ली बोटावर फिरवत पिकअपकडे गेली. तिला पाठवलं ते मी. हे आधीच सांगून टाकते.

गोदामाच्या रांगेत माझा फोन वाजला.

"आई, बस्टर मेला. माझ्या गाडीखाली."

बस्टर म्हणजे वर्लिन डोलेझलचा कुत्रा. वर्लिन आमचे शेजारी, त्यांच्या-आमच्या शेताला एकच कुंपण. बायको गेल्यापासून त्यांच्या पिकअपमध्ये तिच्या सीटवर बस्टर बसायचा, खिडकीबाहेर तोंड काढून, अगदी हक्काने. दर हिवाळ्यात आमच्या वाटेवरचा बर्फ वर्लिन न सांगता बाजूला करून जातात.

"मी वळवलं नाही आई. तू सांगितलंस तसं केलं. तो गवतातून एकदम आला आणि मी सरळ धरलं."

"तुला लागलंय?"

"नाही."

"कोणी पाहिलं?"

हा माझा दुसरा प्रश्न होता. पोरगी रस्त्यावर थरथरत उभी होती आणि मी तिला हे विचारलं.

"नाही. आई, मी मिस्टर डोलेझलना सांगायला जाते. त्यांचं घर दिसतंय इथून."

"थांब. कुठे जाऊ नकोस. गाडीत बस, घरी जा, पट्टा बाबांना दे. बाकीचं मी बघते."

"आई, तो रस्त्यात पडलाय!"

"ब्रेना, शाळेच्या रस्त्यावर नाहीयेस तू आत्ता. परवाना गेला तर रोज तुला शाळेत सोडायला कोणाला वेळ आहे? घरी जा म्हटलं ना!"

ती गेली. मी घरी पोचले तेव्हा हार्वेस्टर चालू झाला होता आणि ब्रेना कपडे धुण्याच्या यंत्रासमोर नुसती उभी होती. आत तिचा स्वेटशर्ट फिरत होता. तिने बस्टरला उचलून रस्त्याच्या बाजूच्या गवतात ठेवलं होतं, एकटीने. बाकीचं मी बघते म्हणाले होते ना, तर मी काहीच बघितलं नाही. मी परत ट्रकवर चढले.

संध्याकाळी आम्ही जेवायला बसलो होतो तेव्हा वर्लिन आले. टोपी हातात धरून दारातच उभे राहिले.

"बस्टर सापडला. चराच्या कडेला," ते म्हणाले. "तुम्ही कोणाची गाडी पाहिलीत का?"

कर्ट ताटाकडे बघत राहिला. बोलायचं काम आमच्या घरात माझ्याकडे आहे.

"नाही हो वर्लिन," मी म्हणाले. "आम्ही दिवसभर शेतातच."

"बाहेरचाच कोणी असणार. ते ओमाहाचे शिकारी हिंडतायत ना. आपल्यातला कोणी त्याला असा टाकून गेला नसता."

मी मान हलवली. वर कागदात बांधून खसखस भरलेले चार गोड पाव, कोलाचे, त्यांच्या हातात दिले. त्यांनी दोनदा थँक्यू म्हटलं. ब्रेना खुर्ची मागे सारून वर निघून गेली, आणि तिचं भरलेलं ताट मी उचललं.

दुसऱ्या दिवशी शाळेतून फोन आला, ब्रेना उशिरा पोचली म्हणून. ती घरी आल्यावर मी विचारलं.

"मिस्टर डोलेझलकडे गेले होते."

"शाळेच्या रस्त्यावरून वळून?"

"हो."

"काय सांगितलंस?"

"मी केलं म्हणून सांगितलं. मग आम्ही दोघांनी त्याला पुरलं. त्यांची पाठ दुखते, तर खड्डा मीच खणला."

"परवान्याचं काही म्हणाले का ते?"

"नाही, आई. त्यांनी ते विचारलंच नाही."

त्या रात्री धो धो पाऊस झाला. सोयाबीन सगळं आत आलं होतं. पट्टा आला, पीक आलं, परवाना शाबूत. छपरावरचा पाऊस ऐकत मी पडून राहिले आणि मला स्वतःची शिसारी आली.

सकाळी मी वर्लिनकडे गेले. त्यांनी कॉफी ओतली, खुर्ची पुढे केली. मी तोंड उघडायच्या आतच ते बोलायला लागले.

"पोरगी गुणाची आहे तुझी. सगळं सांगितलं तिने मला. तुला फोन लावला होता म्हणे, पण ट्रकच्या आवाजात तुला ऐकू गेला नाही. मग घाबरली आणि पळाली. मी म्हटलं, अगं, तुझ्या वयात कोणीही घाबरेल. तुझ्या आईने फोन उचलला असता ना, तर तिने तुला तिथूनच सरळ माझ्याकडे पाठवलं असतं."

मी कप बाजूला सारला.

"असं म्हणालात तुम्ही तिला?"

"म्हणालो ना."

"मग ती काय म्हणाली?"

"काही नाही. फार रडली बिचारी."

गाडी चालवायला मी तिला वर्षभर शिकवत होते. खोटं बोलायला एका फोनमध्ये शिकवलं, आणि शिकल्याबरोबर तिने ते वापरलं कशासाठी, तर मला वाचवायला. वर त्या म्हाताऱ्याच्या तोंडून माझं कौतुकही निमूट ऐकून घेतलं. कॉफी पिऊन गप्प घरी जाता आलं असतं. कोणाला काही कळलं नसतं.

"फोन मी उचलला होता, वर्लिन," मी म्हणाले. "ती तुमच्याकडेच येत होती. मी नको म्हटलं. आणि परवा तुम्ही दारात आलात तेव्हा मला सगळं माहीत होतं."

त्यांनी कप खाली ठेवला. चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. पण ते उठले, खुंटीवरची टोपी घेतली आणि म्हणाले, "गुरांना चारा घालायचाय मला."

घरी येऊन ब्रेनाला सांगितलं. "सगळं?" तिने विचारलं. "सगळं," मी म्हणाले. ती जवळ आली नाही. "बरं," म्हणाली आणि धुतलेली भांडी जागेवर लावायला लागली. मीही फडकं घेऊन तिच्या शेजारी उभी राहिले.

यंदाही आमच्या वाटेवरचा बर्फ वर्लिनच काढून गेले. पूर्वी आत येऊन कॉफी प्यायचे, ते नाही आले. रस्त्यात गाठ पडते रोजच. मी एकटी असले की त्यांचे दोन्ही हात स्टेअरिंगवर घट्ट असतात आणि नजर पुढे. मी माझं बोट उचलते. धुळीत ते दिसतही नसेल.

परवा शाळेतल्या सभेला मला ब्रेना घेऊन गेली. मी शेजारच्या सीटवर. फाट्याच्या अलीकडे समोरून वर्लिनची पिकअप आली, आणि काचेमागे त्यांचं बोट चांगलं वर झालं. ब्रेनाने तिचं उचललं. मी हात मांडीवरच ठेवले.

"आई, तू का नाही उचललंस?"

"गाडी तू चालवतेयस," मी म्हणाले. "ते तुला होतं."