नऊ वाट्या

पोरगी पुन्हा माती खात होती. तिच्या आईने, घरच्या थोरल्या सुनेने, तिला घराच्या भिंतीमागे पकडलं, "तोंड उघड" म्हणून आत बोट घातलं, जिभेवरचा चिखल काढला आणि पाठीत एक धपाटा घातला. मग धपाटा घातल्याचंच वाईट वाटून तिला कडेवर घेतलं. सहा वर्षांची पोर, पण कडेला ओझं म्हणून जाणवेना.

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी गेल्या महिन्यात पोरीची खालची पापणी ओढून पाहिली होती. "रक्तच नाही हो हिच्या अंगात. म्हणून माती खाते. पालेभाजी द्या, कडधान्यं द्या, अंडी द्या."

"द्या म्हणे!" थोरली घरी येईपर्यंत वाटभर तणतणत होती. जसं काही तिने हे सगळं फडताळात कुलूप लावून ठेवलं होतं.

दोन वर्षांपूर्वी असं सांगायची वेळ कुणावर आली नसती. पेरणीला नवरा पुढे मका टाकत जायचा आणि ती मागून कमरेच्या पिशवीतलं मिसळीचं बी टाकत चालायची. तीन पावलांवर चवळी, दहा पावलांवर भोपळा, बांधाच्या कडेने तीळ. वेल मक्याच्या अंगावर चढायचे, भोपळ्याची पानं जमीन झाकायची. माठ आणि घोळ तर न पेरताच यायचे. ती खुरपायला बसली की रोजची भाजी घेऊनच उठायची. दिसायला शेत गबाळं होतं, हे खरं. पण त्या गबाळात घरातली चार तोंडं वर्षभर चालत होती.

मग खाद्याच्या कारखान्याचे सल्लागार साहेब आले. पायात स्वच्छ बूट. तिचा नवरा तसा भला माणूस, पण बूट स्वच्छ दिसले की त्याची अक्कल गहाण पडायची. साहेबांनी शेताकडे बघून नाक मुरडलं, माठाचं एक रोप उपटून हातात धरलं आणि म्हणाले, "हे तण आहे." पहिल्या फवारणीत माठ जळाला, दुसरीत चवळी गेली. कोंबड्या ओळी उकरतात म्हणून त्या विकल्या. शेत कसं कंगव्याने भांग पाडल्यासारखं झालं आणि बांधावर 'आदर्श शेत' अशी पाटी लागली. नवरा येता-जाता ती पाटी पुसायचा. पुसायला निदान तेवढं तरी होतं.

आणि मका कुठे जायचा? कारखान्यात, कोंबड्यांच्या खाद्याला. म्हणजे तिच्या शेतातला मका कुणाच्या तरी कोंबड्या खात होत्या, त्यांची अंडी कुणाची तरी पोरं खात होती, आणि तिची पोर भिंतीची माती चाटत होती. हा विचार आला की थोरलीच्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

राहिलं होतं फक्त परस. न्हाणीच्या पाण्यावर भिजणारा वीस पावलांचा पट्टा. दोन वर्षं तिथे कणसं वाळत पडायची. आता कारखान्याने वाळवायला शेड बांधली आणि परस मोकळं झालं. थोरलीचा त्यावर डोळा होता, आणि साहेबांचाही. तेही योजनेत घ्यायचं म्हणून ते आज दुपारी कागदावर सही घ्यायला येणार होते.

आले ते एकटे नाहीत. बरोबर यादीवाली होती, घरोघर जाऊन 'आज काय काय खाल्लं' हे विचारणारी. कालच ती येऊन गेली होती. तेव्हा थोरली शेतात होती आणि उत्तरं सासूबाईंनी दिली होती.

"तुमचं घर पहिलं आलं, ताई!" यादीवाली ओसरीवर टेकत म्हणाली. "दहा रकान्यांपैकी नऊ भरले. धान्य, कडधान्य, पालेभाजी, भोपळा, तीळ, अंडी, दूध, फळं, शेंगा..."

"बघा!" साहेब नवऱ्याकडे वळले. "म्हणून तर म्हणतो, परसही घ्या. तुमच्या घरचा फोटोच लावू आम्ही बैठकीत."

"आणि पोरीला तुमच्याकडून मिळतात ती खाऊची पाकिटं?" थोरलीने विचारलं.

यादीवालीने कागद चाळला. "ती बंद होतील ना आता. नऊ रकाने असले की नाव आपोआप गळतं."

थोरलीने सासूबाईंकडे पाहिलं. सासूबाई खाली बघत फरशीवरचा नसलेला कचरा वेचत होत्या. परक्या बाईसमोर घराची अब्रू जायला नको म्हणून म्हातारीने नऊच्या नऊ पदार्थ ठोकून दिले होते, आणि त्या अब्रूपायी नातीच्या तोंडचा घास जाणार होता.

थोरली ओरडली नाही. ती गोड आवाजात म्हणाली, "आता आलाच आहात, तर जेवूनच जा. काल जे होतं तेच आहे."

तिने सगळ्यांना ओळीने बसवलं. ताटात मक्याचं शिजवलेलं पीठ आणि कडेला मीठ-मिरची वाढली. मग घरातल्या होत्या तेवढ्या वाट्या आणल्या आणि साहेबांच्या ताटाभोवती एकेक मांडत गेली.

"ही चवळी. हा माठ. हा भोपळा. हे तीळ. सावकाश जेवा हं. हे दूध, हे अंडं..."

नऊ वाट्या झाल्या. नवव्या वाटीत तिने डावभर पीठ घातलं. बाकीच्या रिकाम्या.

"अगं, काय चालवलंयस?" नवरा पुटपुटला.

"पाहुणचार चाललाय, अहो. तुम्ही सांगा ना ताईंना, काल तुम्ही काय जेवलात? सकाळी काय, संध्याकाळी काय?"

यादीवालीने पेन्सिल उचलली आणि त्याच्याकडे पाहिलं. त्याने ताटातलं पीठ बोटाने सारखं केलं.

"मका," तो म्हणाला. "दोन्ही वेळा मका."

"एखाद्या घराने काही सिद्ध होत नाही," साहेब घाईने म्हणाले. "आपण सरासरी बघतो."

"सरासरीला भूक लागत नाही, साहेब. माझ्या पोरीला लागते!" आता मात्र थोरलीचा आवाज चढला. "जे तण म्हणून तुम्ही जाळलंत ना, तेच डॉक्टरीणबाई औषध म्हणून लिहून देतात. दोघं एकदा एकत्र बसा आणि काय ते ठरवा. मधल्या मध्ये माझी पोर मारू नका."

सासूबाईंचा हात थांबला. "मी अगदीच खोटं नाही बोलले गं," त्या हळूच म्हणाल्या. "हे सगळं याच चुलीवर शिजायचं. काल नाही, एवढंच."

यादीवाली खोडरबर घेऊन आठ रकाने पुसत बसली. पोरीचं नाव तिने पुन्हा लिहिलं, वर दोनदा गिरवलं. साहेबांनी सहीचा कागद पुढे केला, तेव्हा नवऱ्याने पेन हातात घेतलं, फिरवलं आणि परत दिलं. "परसाचं नंतर बघू," तो म्हणाला. दोन वर्षांत त्याने साहेबांना पहिल्यांदाच 'नंतर' म्हटलं होतं. साहेब न जेवताच उठले.

ते गेल्यावर सासूबाईंनी पलंगाखालून एक तोंडबंद मडकं ओढलं. आत राख, आणि राखेत चवळी. "साहेब म्हणाले होते जुनं बी टाकून द्या. मला नाही टाकवलं."

पण दोन वर्षं न पेरलेलं बी ते! राखेलाही न जुमानता कीड शिरली होती. दाण्यादाण्याला भोक, बोटात धरला की पीठ व्हायचं. परसातल्या पट्ट्याशी तिघी बसून निवडत राहिल्या. मडकंभर चवळीतून धड दाणे निघाले मोजून सहा. नवरा कुदळ घेऊन माती भुसभुशीत करू लागला. थोरली त्याच्या मागून चालली, तीन पावलांवर एक दाणा. इतक्या कमी बियांत तिने कधी पेरलं नव्हतं.

शेवटच्या टोकाला पोचायच्या आधीच दाणे संपले. मागे वळून बघते तर पोरगी निवडायच्या जागी बसून काहीतरी चघळत होती.

"परत माती? उघड तोंड!"

पोरीने तोंड उघडलं. जिभेवर माती नव्हती. चवळीचा एक दाणा होता, अजून अख्खा.

"खायचाय," पोरगी म्हणाली.

थोरलीचं बोट क्षणभर तसंच थांबलं. मग तिने पोरीच्या तोंडातला तो दाणा काढून घेतला, पुसला आणि मातीत टाकला.