दिवेलागणीची खिडकी

“पण पट्टी सुटली तर?” आईने तिसऱ्यांदा विचारलं.

निवृत्त नर्सबाई मेटाकुटीला आल्या होत्या. साथीच्या रोगांचं हे जुनं रुग्णालय आता पाडणार, म्हणून त्या बिचाऱ्या हौसेने आम्हाला त्याचा इतिहास सांगत होत्या. इथे घटसर्पाची पोरं, तिकडे देवीचे रोगी, मागे भट्टी. आत येणाऱ्याचे कपडे भट्टीत जायचे, डोकी भादरायचे आणि पोरांच्या पायाला नावाची पट्टी बांधायचे.

“सुटायची नाही हो, मावशी.”

“सगळी पोरं तासलेली, एकसारख्या सदऱ्यांतली. एखादी इकडची तिकडे झाली तर कुणाच्या बापाला कळणार होतं?”

ती ‘एखादी’ म्हणजे मी. तीन वर्षांची असताना आईची भिंगरी इथे आत गेली आणि दोन महिन्यांनी जी बाहेर आली, ती मी. आईने मला वाढवलं, शिकवलं, माझी बाळंतपणं केली. पण भिंगरी म्हणून हाक कधी मारली नाही. मी आपली ‘अगं ए’. रक्त तपासून घेऊ म्हटलं की तिला स्वयंपाकघरात काम आठवायचं. मला नातू झाला, तरी वाढता वाढता ती माझ्या कानांकडे निरखून बघते. फार लागतं ते.

“रोज दिवेलागणीला या खिडकीबाहेर उभी राहायचे,” आई म्हणाली. “पोर सरळ माझ्याकडे बघायची, नि ओळख म्हणून नाही! माझं लेकरू असं करेल?”

“काचेवर टकटक नाही, हाका नाहीत, असा नियमच होता,” नर्सबाई म्हणाल्या. “एक रडलं की सगळा वॉर्ड रडायचा.”

आई तरातरा बाहेर गेली. अंधारून आलं होतं. नर्सबाईंनी दिवा लावला.

“खाली बस!” बाहेरून आई ओरडली. “एवढीशीच होती ती.”

मी गुडघ्यांवर बसले. “आई, हात हलव ना!”

“कधीची हलवतेय! डोळे फुटले का?”

काचेत दिवा होता, मागची रिकामी खाट होती आणि माझं तोंड.

“अगं, तू दिसतच नाहीस. मीच दिसतेय मला.”

“खोटं!”

ती आत आली. नर्सबाईंना बाहेर पिटाळून हात हलवायला सांगितलं आणि कण्हत माझ्याशेजारी बसली. बराच वेळ बघत राहिली. काचेत आम्ही दोघीच होतो.

“म्हणजे पोरीला रोज आपलं बोडकं डोकंच दिसायचं,” ती पुटपुटली. “मी नाहीच.”

मग भिंतीला धरून उठली आणि बाहेर गेली. मी तशीच बसून होते. जरा वेळाने काचेवर बांगड्या वाजल्या.

“भिंगरे, ऊठ! फरशी गार आहे.”

मी लगेच उठले नाही. तिला आणखी एकदा हाक मारू दिली.